हमीपत्र, खिडक्या आणि दहा दिवस : ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडताना नवी मुंबईतल्या एका शाळेत काय घडलं

हे प्रकरण एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेचं आहे. संबंधित शिक्षकांशी आणि मुख्याध्यापिकांशी बोलून, त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. शाळा, संस्था आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. शासनाचे निर्णय आणि त्यांच्या तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या तारखांच्या कचाट्यातच हा सगळा पेच तयार झाला.

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका वसाहतीतली ही शाळा. आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. मुलं बहुतेक एमआयडीसीतल्या कामगारांची, रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा अनेक कुटुंबं गावी गेली. काही परतली, काही नाही. घरात एक फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी स्थिती असल्यामुळे ऑनलाइन तासाला निम्मी मुलं आली तरी खूप झालं, असं शिक्षक सांगत.

शिक्षकांना शाळा उघडायला नको होती असा समज नंतर पसरवला गेला. तो खरा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची मंजूर पदं ठरतात त्यात, पदं कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी होते तेव्हा, कुठेही जावं लागतं. मुलं शाळेत यावीत ही त्यांची स्वतःच्या पोटाचीही गरज होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दीड वर्षात मुलांचं काय झालं आहे ते तेच पाहत होते. पुस्तकं वाटायला वस्तीत गेलेल्या मराठीच्या बाईंना नववीतला एक मुलगा भर दुपारी भाजीच्या गाडीवर दिसला. असे अनेक होते.

या शाळेतला एक अनुभव मात्र सगळ्यांच्या मनात ताजा होता. दुसऱ्या लाटेत त्यांचे एक सहकारी कोविडने गेले. त्याआधी ते सर्वेक्षणाच्या कामावर होते. कोविड कर्तव्य बजावताना मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचा राज्य शासनाचा निर्णय मे २०२० चा आहे. पण सरांना कामावर जायला फोनवरून सांगितलं होतं. नेमणुकीचा लेखी आदेश घरच्यांना सापडला नाही, कार्यालयातही मिळाला नाही. प्रस्ताव अडकला. सरांच्या पत्नी कागदांची पिशवी घेऊन शाळेत येत, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी कोणाशी नजर मिळवत नसे. पुढे जे घडलं त्यात शिक्षक प्रत्येक गोष्ट लेखी मागत राहिले, त्याचं मूळ इथे आहे.

अडचण

२४ सप्टेंबर २०२१ रोजी, शुक्रवारी, राज्य शासनाने जाहीर केलं की ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू होतील. म्हणजे तयारीला जेमतेम दहा दिवस. मार्गदर्शक सूचनांचा गाभा सगळ्यांच्या ओळखीचा होता. एका बाकावर एक विद्यार्थी, मुलांमध्ये सहा फूट अंतर, मास्क, मर्यादित संख्येच्या तुकड्या, पालकांची लेखी संमती, आणि हजेरीची सक्ती नाही.

सोमवारी संस्थेच्या सचिवांचं परिपत्रक आलं. तिन्ही इयत्ता पहिल्याच दिवशी, पूर्ण वेळ. शिवाय दोन कागद सोबत जोडलेले. पहिला कागद शिक्षकांसाठीचं हमीपत्र. त्यात वर्ग निर्जंतुक केल्याची आणि अंतर पाळल्याची जबाबदारी वर्गशिक्षकाची असल्याचं लिहून द्यायचं होतं. दुसरा पालकांचं संमतीपत्र, ज्याच्या शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं : ‘पाल्यास संसर्ग झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील, शाळा व संस्था जबाबदार राहणार नाही.’

हे वाक्य शासनाने मागितलेलं नव्हतं. मुलाला शाळेत पाठवायला पालक राजी आहेत एवढंच संमतीपत्रातून कळायला हवं होतं. संस्थेने त्यातून स्वतःची सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. सचिवांची बाजूही समजून घ्यायला हवी. पगार सोडून इतर खर्चासाठीचं वेतनेतर अनुदान अपुरं आणि अनियमित येतं, सॅनिटायझरपासून थर्मल गनपर्यंतचा खर्च संस्थेनेच उचलायचा, आणि काही बिघडलं तर पहिला दगड संस्थेवरच येणार. भीती त्यांनाही होती. पण ती भीती त्यांनी सगळ्यांत कमी बोलू शकणाऱ्या माणसांच्या अंगावर ढकलली, असं माझं स्पष्ट मत आहे.

लसीचा प्रश्न होताच. पंचेचाळीस वर्षांवरच्या शिक्षकांचे दोन्ही डोस झाले होते. तरुण शिक्षकांना लस मिळायला जून-जुलै उजाडला होता, कारण मे महिन्यात तुटवड्यामुळे राज्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबलं होतं. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. त्यामुळे चार-पाच जणांचा दुसरा डोस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरी होणार नव्हता. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळत होता तोही दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना. कल्याण-डोंबिवलीकडून येणारे हे शिक्षक शिळफाट्यामार्गे भरलेल्या बसने येणार, आणि तसेच वर्गात जाणार.

पहिलं पाऊल चुकलं

सोमवारी रात्री विज्ञानाच्या बाईंनी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, ‘अशा हमीपत्रावर मी सही करणार नाही. उद्या एखादं मूल गेलं तर जबाबदार कोण?’ गटात सचिवही होते. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि रात्रीतच तो पालकांच्या गटांवर फिरला. सकाळी फाटकाशी पालक उभे. काहींना वाटलं शाळेत रुग्ण सापडला, काहींना वाटलं शिक्षकांना यायचंच नाही.

मंगळवारी दुपारी बाईंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. संस्थेची बदनामी आणि शिस्तभंग.

बाईंचा मुद्दा बरोबर होता. पण रात्री अकरा वाजता, एकटीने, रागात आणि ‘मूल गेलं तर’ या शब्दांत तो मांडला गेला, आणि मग मुद्द्याऐवजी बाईंच्या भाषेचीच चर्चा झाली. बाईंनी हे स्वतःच मला सांगितलं. ‘दुसऱ्या लाटेत सर गेले तेव्हा आम्ही कोणीच काही बोललो नव्हतो, ते सगळं त्या रात्री बाहेर आलं,’ असं त्या म्हणाल्या.

समोरचे पर्याय

मंगळवारी संध्याकाळी गणिताच्या सरांच्या घरी आठ-नऊ जण जमले. चर्चा बराच वेळ चालली.

परिपत्रक मुकाट्याने मान्य करायचं, असं दोघांचं म्हणणं होतं. त्यांना निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. पेन्शनची कागदपत्रं संस्थेकडूनच पुढे जातात, हे कोणी मोठ्याने बोललं नाही पण सगळ्यांना कळलं.

दुसरा पर्याय सामूहिक रजेचा. तरुण शिक्षकांचा कल तिकडे होता. पर्यवेक्षकांनी तो खोडून काढला. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू असताना असं पाऊल थेट अंगाशी येऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे वस्तीत एकच गोष्ट पोचेल, की मास्तरांना घरी बसून पगार हवा.

तिसरा पर्याय बाहेर जायचा. स्थानिक वार्ताहराचा फोन आलाच होता. स्क्रीनशॉट त्याच्याकडेही पोचला होता. बातमी आली असती तर दबाव नक्की आला असता. पण सेवाशर्तींची नियमावली आणि बाईंची नोटीस, दोन्ही समोर होतं. शिवाय बातमी आली की मुख्याध्यापिका आपोआप संस्थेच्या बाजूला ढकलल्या गेल्या असत्या. त्या तोवर कोणत्याच बाजूला नव्हत्या, आणि या प्रकरणात हीच सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली.

चौथा पर्याय इतिहासाच्या बाईंनी सुचवला. त्या फारशा बोलत नाहीत. ‘आपण काय नको ते सांगतोय. काय केलं तर सोमवारी आपण निर्धास्त वर्गात जाऊ, ते लिहूया ना,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्यासाठी वर्ग बघावे लागतील. दीड वर्षात वर गेलंय कोण?’

काय केलं

बुधवारी सकाळी मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन सहा शिक्षक, शिपाईमामा आणि पालक-शिक्षक संघातले दोन पालक शाळाभर फिरले. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला निर्णायक तास होता.

वर्ग साधारण वीस बाय पंचवीस फुटांचे. टेप लावून सहा फुटांवर खडूने फुल्या मारल्या तर सोळाच्या वर मूल बसेना. नववी ‘अ’चा पट पन्नासच्या पुढे. म्हणजे परिपत्रकातलं ‘तिन्ही इयत्ता, पूर्ण वेळ’ आणि नियमावलीतलं अंतर एकाच खोलीत मावतच नव्हतं. हे सांगायला कोणाच्या मताची गरज उरली नाही. सचिवांना पाठवलेल्या फोटोत त्या फुल्या दिसत होत्या.

मग खिडक्या. रस्त्याच्या बाजूला कंटेनरच्या आवाजाने शिकवणं अशक्य होतं, म्हणून काही वर्षांपूर्वी तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या होत्या. अशी खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. त्यातल्या अर्ध्या काचा रुळात गंजून बसलेल्या. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतून अगरबत्ती आणली आणि एकेका वर्गाच्या मधोमध लावून पंखा बंद ठेवला. पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात, जिथे दोन बाजूंनी खिडक्या आहेत, धूर तिरका होऊन दाराकडे गेला. शेजारच्या वर्गात तो सरळ वर चढला, छताशी पसरला आणि तिथेच थांबला. पालकांपैकी एक जण वायुवीजनाच्या कंपनीत फिटर होते. त्यांनी काचांकडे बघून सांगितलं, ‘बाई, एक-एक पल्ला काढूनच टाका. स्क्रू आहेत, तास-दीड तासाचं काम आहे एका मजल्याचं.’

तोवर शाळेत सगळा भर हात धुण्यावर आणि बाक पुसण्यावर होता. केंद्र शासनाच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण सूक्ष्म कण हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, आणि म्हणून खोलीतली हवा खेळती राहणं महत्त्वाचं. वीस बाय पंचवीसचा वर्ग लांबीला आठ मीटरही भरत नाही. बाईंनी हे पत्रक छापून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवलं.

मुलींच्या स्वच्छतागृहातले निम्मे नळ कोरडे होते आणि एका दाराला कडी नव्हती. टाकीही बंद काळात धुतलेली नव्हती. हे मुद्दे कोविडशिवायही लाजिरवाणेच होते.

गुरुवारी पत्र तयार झालं. ते असं सुरू होतं : ‘आम्ही खाली सह्या करणारे शिक्षक दि. ४ ऑक्टोबरपासून वर्ग सुरू करण्यास तयार आहोत. शाळेची प्रत्यक्ष पाहणी करून पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणून देत आहोत.’ पुढे वर्गनिहाय तक्ता. कोणत्या वर्गात किती मुलं बसतील, कोणती खिडकी उघडत नाही, दुरुस्ती कोणती, अंदाजे खर्च किती. त्याखाली तीन मागण्या. पहिल्या आठवड्यात फक्त दहावी, नंतर नववी, दसऱ्यानंतर आठवी, सगळ्यांचे गट एक दिवसाआड. दुसरा डोस बाकी असलेल्या शिक्षकांनी तोवर ऑनलाइन तास सांभाळावेत. आणि हमीपत्र मागे घेऊन संमतीपत्रातलं ते वाक्य काढावं.

सही कोणी करायची यावर वाद झाला. कायम शिक्षकांनीच करायची असं ठरलं. शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर काम करणारे नवे शिक्षक, आणि विनाअनुदानित तुकडीवरचे शिक्षक यांना बाजूला ठेवलं, कारण त्यांची नोकरी संस्थेच्या एका शेऱ्यावर जाऊ शकते. एक शिक्षणसेवक पेन घेऊनच आला होता. त्याला परत पाठवलं.

पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. प्रत शाळा समितीला. शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवायची की नाही, यावर थांबायचं ठरलं. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर पाठवायची, आणि हे मुख्याध्यापिकांना आधी सांगायचं. धमकी न देता मुदत कळवायची, असा पर्यवेक्षकांचा आग्रह होता.

बाईंच्या नोटिशीचं उत्तर वेगळं दिलं. त्यात संदेशाच्या भाषेबद्दल खेद होता, मुद्द्याबद्दल नव्हता. पाहणीचा तक्ता सोबत जोडला होता.

शुक्रवारी शाळा समितीची बैठक झाली. मुख्याध्यापिका समितीच्या पदसिद्ध सचिव म्हणून बसल्या होत्या. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘नियमावली सोळा मुलं म्हणते आणि आपलं परिपत्रक पन्नास. तपासणी झाली तर मी कोणता कागद दाखवू?’ संस्थेचे अध्यक्ष त्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग खिडक्यांच्या खर्चाचा आकडा विचारला.

परिणाम

२ ऑक्टोबरला गांधी जयंतीचा कार्यक्रम आटोपून फिटर पालक, शिपाईमामा आणि चार शिक्षकांनी दोन्ही मजल्यांवरचा काचांचा एक-एक पल्ला उतरवला. सोमवारी फक्त दहावी आली. नववी पुढच्या आठवड्यात, आठवी दसऱ्यानंतर. हमीपत्र मागे घेतलं गेलं, तेही तोंडी. संमतीपत्र नव्याने छापलं, त्या वाक्याशिवाय. ऑनलाइन तासांची मागणी निम्मी मान्य झाली. दुसरा डोस बाकी असलेल्यांना शाळेत यावं लागलं, पण मोकळ्या व्हरांड्यातलं पुस्तक-वाटप आणि फोनवरचा पाठपुरावा यांवर नेमलं.

डिसेंबरमध्ये नववीतला एक मुलगा बाधित निघाला. बाकांचा नकाशा आणि गटांची यादी वर्गशिक्षकांकडे होती. नागरी आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने ती मागितली आणि त्या गटाच्या चाचण्या दुसऱ्याच दिवशी झाल्या. बाकीचे गट चालू राहिले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत दहावी-बारावी वगळता वर्ग पुन्हा बंद झाले, तो निर्णय वरूनच आला होता.

याची किंमत मुलांनी मोजली, हेही नोंदवायला हवं. एक दिवसाआड शाळा म्हणजे आधीच मागे पडलेल्या मुलांना निम्मेच दिवस. आठवी सर्वांत उशिरा उघडली, आणि त्या तुकडीतली काही मुलं परत आलीच नाहीत. ती दोन आठवड्यांमुळे गळाली की आधीच गळाली होती, याचं उत्तर शिक्षकांकडेही नाही. शिक्षकांना तोच धडा दोनदा आणि ऑनलाइन तिसऱ्यांदा शिकवावा लागला. नव्या वेळापत्रकाचा ताण सगळ्यांत जास्त त्या दोन ज्येष्ठ शिक्षकांवर पडला ज्यांनी पत्रावर सही केली नव्हती, आणि त्यांनी तो तक्रार न करता घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी उणीव पत्रातच होती. त्यात शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी नव्हत्या. मामा पाहणीत बरोबर होते, टेप त्यांनीच धरली होती, तरी तक्त्यात त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती. मावशी कंत्राटदाराकडच्या. रोज सगळे वर्ग त्या पुसत होत्या आणि त्यांचा पहिला डोसच झालेला नव्हता, हे शाळेला नोव्हेंबरात कळलं. सुरक्षिततेची मागणी करताना पगारपत्रकावर नाव नसलेल्यांपासून यादी सुरू करायला हवी होती.

पालकांना मंगळवारीच बोलवायला हवं होतं. दोन पालक आले तेव्हा पाहणीचं वजन बदललं, आणि खिडक्यांचा उपाय त्यांच्यातल्या एकाकडून आला. स्क्रीनशॉटमुळे वस्तीत पसरलेला गैरसमज एका पालकसभेत दूर झाला असता. ती सभा झालीच नाही. आठवीच्या घरी एखादा शिक्षक त्या दोन आठवड्यांत जाऊन आला असता तर निदान मुलं कुठे आहेत ते कळलं असतं.

शिक्षणसेवकांना सहीपासून दूर ठेवणं योग्यच होतं, पण त्यांच्याशी न बोलता ते ठरवलं गेलं. परत पाठवलेला तो तरुण पुढे अनेक दिवस स्टाफरूममध्ये बसत नव्हता. पत्राच्या मसुद्यात त्याचा लसीचा मुद्दा जसाच्या तसा होता, हे त्याला कोणीतरी दाखवायला हवं होतं.

तोंडी माघार स्वीकारणं ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट. दिवंगत सहकाऱ्याच्या कागदांचे हाल पाहिलेल्या शिक्षकांनी हमीपत्र रद्द झाल्याचं लेखी घेतलं नाही, कारण बैठकीनंतर सगळ्यांना हायसं वाटलं होतं आणि वातावरण पुन्हा बिघडवायची कोणाची इच्छा नव्हती. बाईंच्या नोटिशीचंही तेच झालं. उत्तर दिलं, कारवाई झाली नाही, पण ‘नोटीस निकाली काढण्यात येत आहे’ असं पत्र आजतागायत निघालेलं नाही. ती त्यांच्या सेवापुस्तिकेसोबतच्या फायलीत तशीच आहे. बाई ज्येष्ठता यादीत पर्यवेक्षकपदाच्या जवळ आल्या आहेत, आणि मुख्याध्यापिका यंदा निवृत्त होत आहेत. त्यांच्या सहीने नोटीस बंद करून घ्यायचा अर्ज बाईंनी आता दिला आहे. या वेळी आवक क्रमांक घेऊन.